भाकरी आमची, पिशवीवर नाव कुणाचं?

चुलीवर काही असेल तर जाळ जरा कमी करा, निवडण-टिपण चालू असेल तर चालू ठेवा, कान मात्र इकडं असू द्या. आज आम्ही इतिहास सांगणार आहोत. राजाराण्यांचा नाही. बाईच्या हातचं अन्न बाजारात कसं गेलं आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात पडले, त्याचा.

हा विषय आत्ताच का निघाला, ते आधी सांगतो. आमचा बारा जणींचा गट ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. मागच्या महिन्यात शहरातला एक व्यापारी आला. म्हणाला, "ताई, महिन्याची सगळी भाकरी मी उचलतो. पैसे रोख. फक्त पिशवी माझी आणि नाव माझं." बैठकीत दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "नाव काय चाटायचंय? पोरीची फी भरायचीय." दुसरी म्हणाली, "उद्या त्यानं भाव पाडला तर कुठं जायचं? गिऱ्हाईक तर त्याला ओळखणार, आपल्याला नाही." दोघींचंही खरं होतं. मग असं ठरलं, की आपल्याआधी या वाटेनं ज्या बाया गेल्या त्यांनी काय केलं ते बघू आणि मगच हो-नाही म्हणू.

सुरुवात आपल्या आजीपासून करू. चैत्र-वैशाखाचं ऊन पडलं की गल्लीतल्या बाया एकत्र जमायच्या. आज हिच्या घरच्या कुरडया, उद्या तिच्या घरचे पापड, परवा तिसरीच्या शेवया. काम मोठं, कसब मोठं, पण त्याची किंमत कुणी मांडली नाही. वाळवण डब्यात जायचं, नाहीतर सासरी निघालेल्या लेकीच्या गाठोड्यात. बाजारात काय जायचं? धान्य, आणि तेही बहुतेक घरच्या पुरुषाच्या हातानं. म्हणजे करायचं कसं हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या येतं. विकायचं कसं, हे शिकायची वेळ मात्र आपल्यावर फार उशिरा आली.

ती वेळ मुंबईत आधी आली. कोकणातून, घाटावरून हजारो माणसं कापड गिरण्यांत कामाला गेली. बायकापोरं गावाकडं. मग जेवायचं कुठं? गिरणगावात बायांनी खानावळी चालवल्या. एकेका लहानशा खोलीत दहा-वीस कामगारांचा डबा शिजायचा. कामगाराचे पैसे पगार झाल्यावर यायचे, वाण्याचं सामान मात्र रोज लागायचं. ते उधारीवर, चढ्या व्याजानं. दिवसभर राबून हातात उरायचं ते व्याजात जायचं. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या होत्या. गरिबाला कर्ज देऊ असं त्या म्हणत होत्या, तर मग खानावळवालीला का नको, असा हा सरळ प्रश्न होता. घर नावावर नाही, दागिना नाही, पण बाया एकमेकींच्या जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. स्वयंपाक तोच, मेहनत तीच. सावकाराचं व्याज सुटलं तशी कमाई घरात दिसायला लागली.

दुसरी गोष्ट पापडाची. १५ मार्च १९५९, मुंबईतलं गिरगाव. सात गुजराती बाया एका इमारतीच्या गच्चीवर बसल्या आणि छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत, त्यांच्याकडून उसने घेतलेल्या ८० रुपयांत काम सुरू केलं. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. त्याच कामाला आज आपण लिज्जत पापड म्हणून ओळखतो.

या बायांच्या अडचणी ऐकल्या तर तुम्ही म्हणाल, या तर आपल्याच. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. वर खाटेवर पापड, खाली स्टोव्हची ऊब. आम्हाला हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी आषाढात आमची भाकरी सादळली आणि एका दुकानानं दोन पोती माल परत पाठवला. चूक आमचीच होती. पुरती गार न होताच भाकरी पिशवीत भरली होती. त्या दिवशी गटातल्या बायांची तोंडं उतरलेली अजून डोळ्यांपुढं आहेत.

लिज्जतच्या बायांनी सुरुवातीला दोन प्रतींचा पापड केला होता, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. छगनबापांनी सांगितलं, एकच करा, चांगलाच करा. आपणही कधी कधी म्हणतो, "बाजारचं आहे, चालतंय." ते चालत नाही. फसलेलं गिऱ्हाईक भांडायला येत नाही, ते पुन्हा येतच नाही.

आता नावाचं. सुरुवातीला त्यांच्या पापडाला हे नाव नव्हतंच. १९६२ साली त्यांनी नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस ५ रुपये, आणि त्यातून 'लिज्जत' हे नाव आलं. हे ऐकून आमच्या बैठकीतल्या दोन्ही तटांना विचार करावा लागला. व्यापाऱ्याला माल देण्यात कमीपणा नाही, पहिली चार पाकिटं त्या बायांनी व्यापाऱ्यालाच दिली होती. पण तीन वर्षांत नाव त्यांनी स्वतःचं केलं आणि हिशेब पहिल्यापासून स्वतःकडं ठेवला. नफा झाला तर सगळ्या बहिणींचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा.

आता आपल्या जवळ येऊ. आमच्या भाकरीची ज्वारी म्हणजे मालदांडी. या देशी वाणातून मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवड झाली आणि ती रब्बीत दूरवर पसरली. आपल्या काळ्या रानात पावसाची ओल मुरते, त्याच ओलीवर ती येते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मंगळवेढ्याचं नाव दुसरीकडच्या ज्वारीला लावता येत नाही. बघा, ज्वारीलासुद्धा स्वतःचं नाव जपावं लागलं!

पण ज्वारीला भाव नसला की शेतकरी उसाकडं वळतो, आणि ऊस किती पाणी पितो ते आपल्या विहिरींना विचारा. आम्ही ज्वारी गावातल्याच शेतकऱ्यांकडून घेतो, काढणीलाच घेतो. नाव आमचं असेल तर ज्वारी कुणाची घ्यायची, हे आम्ही ठरवू. नाव व्यापाऱ्याचं झालं तर तो सांगेल, "स्वस्त मिळेल ती घ्या." भाकरी तेवढीच गोल दिसेल, पण आपल्या रानातली ज्वारी हटेल. व्यवसाय टिकाऊ असावा असं सगळे म्हणतात. आमच्या लेखी टिकाऊ म्हणजे हे: बाईची मजुरी, रानाची ओल आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, तिन्ही टिकलं पाहिजे.

हे सगळं आमच्यात पहिल्यांदा बोलली ती आमच्या गटातली सर्वांत धाकटी सून. बी.कॉम. झालेली. तीच दुकानं फिरते, ऑर्डर लिहून घेते, उधारी वसूल करते, प्रदर्शनात उभी राहून चव द्यायला लावते, कुठल्या पिशवीत भाकरी जास्त दिवस कुरकुरीत राहते ते बघते. आणि तिला मिळतं काय? जितक्या भाकरी थापेल तितके पैसे. फिरण्याचे शून्य. घरचे म्हणतात, "नुसती हिंडते." खरं सांगायचं तर आम्हीही तसंच समजत होतो. आता तिला शहरातल्या एका दुकानात पगाराची नोकरी चालून आली आहे. ती गेली तर थापायला अकरा जणी राहतील, विकायला एकही नाही. मग व्यापाऱ्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतरच उरणार नाही.

१९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ निघालं. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. त्यातून आपण बचत शिकलो, कर्ज शिकलो, हिशेबाची वही शिकलो. त्या वहीत पिठाचा रकाना आहे, तेलाचा आहे, सरपणाचा आहे, थापण्याच्या मजुरीचा आहे. विकण्याच्या मजुरीचा रकाना मात्र आमच्या वहीत नव्हता. विकणं हेही काम आहे, शिकून करायचं काम आहे, त्यावर एखाद्या बाईचं आयुष्य उभं राहू शकतं, हे आम्हालाच उमगलं नव्हतं.

येत्या बुधवारी आमची बैठक आहे. व्यापाऱ्यापुढं आम्ही दोन अटी ठेवणार आहोत: माल निम्माच मिळेल, आणि पिशवीवर भाकरी करणाऱ्या गटाचं नाव, पत्ता अन् अन्न नोंदणीचा क्रमांक राहील. मानला तर त्याच्या रोख पैशातून काकूंच्या पोरीची फी भरली जाईल. नाही मानला तर फीसाठी गटातून कर्ज द्यायचं, असं आम्ही सुचवणार आहोत. आणि धाकटीला विक्रीचा ठरलेला पगार द्यायचा, हा ठराव मांडणार आहोत. एवढ्यावर ती थांबेल का, सांगता येत नाही. विचारायला आम्ही उशीरच केला आहे.

तुम्ही मात्र उशीर करू नका. आज रात्री गटाची वही काढा आणि बघा, तुमचा माल कोण विकतं आणि त्या बाईच्या नावापुढं किती रुपये लिहिलेत. रकाना नसेल तर पट्टी घ्या आणि आखा. नमस्कार.