मैदान उघडे, कॉलेज बंद

करोनाकाळातल्या व्यायामाची हकिकत सांगताना जिमच्या कुलपापासून सुरुवात करायची पद्धत आहे. महाराष्ट्रात ते कुलूप मार्च 2020 मध्ये लागले आणि 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर निघाले. पण पदवीच्या वर्गातली किती मुले जिमची फी भरत होती? त्यांचे पाय हलायचे ते एसटीच्या थांब्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत, तास संपला की तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेकडे, मग कँटीन, ग्रंथालय, मेस. याला कोणी व्यायाम म्हणत नसे, त्यामुळे तो थांबल्याची ओरडही फारशी झाली नाही. देशोदेशी विद्यार्थ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांतल्या बहुतेकांत चालणे घटलेले आणि बसणे वाढलेले दिसते. ते होणारच होते. ऑनलाइन तासाची एक लिंक संपून दुसरी सुरू होताना खुर्चीवरून उठायचे कारणच उरले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, बंदी होतीच किती दिवस? टाळेबंदी सैल करणाऱ्या राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशाने 3 जून 2020 पासून पहाटे 5 ते संध्याकाळी 7 या वेळेत चालायला, धावायला, सायकल चालवायला मोकळीक मिळाली होती. खरे आहे. मात्र घोळक्याने काही करायला मनाई होती, आणि कबड्डीला एका बाजूला सात गडी लागतात. शिवाय कॉलेजे निम्म्या हजेरीने उघडली ती थेट 15 फेब्रुवारी 2021 ला. दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली आणि 20 ऑक्टोबरला परत सुरू झाली. मैदान आणि वर्ग यांच्यात पहिल्याच खेपेला साडेआठ महिन्यांची फट पडली. त्या फटीत नेमाने धावत राहिली ती मुख्यतः पोलीस भरतीची पोरे. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर आणि गोळाफेक डोळ्यांसमोर होती. बाकीच्यांपुढे नुसता रिकामा वेळ होता, आणि रिकाम्या वेळाने कोणी आपणहून बूट चढवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गावी परतलेल्या मुलांनी त्या जूनमध्ये पेरणी केली, पुढे कोळपणी केली. त्यांचे अंग शहरातल्यापेक्षा जास्तच राबले. हे मान्य करावेच लागते, फक्त ते ज्यांच्या घरी रान आहे त्यांच्यापुरते आणि हंगामापुरते. मुलींचा हिशेब तर वेगळाच. धुणी, भाकऱ्या, पाणी यांनी काम वाढले, पण उंबऱ्याबाहेरची पावले कमी झाली. कारण ‘कॉलेजला जाते’ हे घरात चालायचे, ‘जरा फिरून येते’ याला सतरा प्रश्न. आंतरजिल्हा एसटी 20 ऑगस्ट 2020 ला सुरू झाली खरी, पण पास काढून जायचे कुठे?