मोडीचे उत्तरदायित्व

बेळगाव-निपाणीच्या मुलखात गावकामगारांच्या ज्या हक्काला मराठी घरांत बलुते म्हणत, त्यालाच कानडी घरांत आय म्हणत. परंतु नाव कोणतेही असो, ज्या लोहाराने नांगराचा फाळ घडविला त्यानेच तो वर्षभर पाजवावा आणि सुगीत खळ्यावर येऊन आपला वाटा न्यावा, हा शिरस्ता दोन्ही भाषांना सारखाच मान्य होता. तांब्यापितळेची रीत निराळी, पण आशय तोच: फुटका हंडा दुकानी नेला की त्याची मोड काट्यावर तोलून नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई, आणि वस्तू निकामी झाली तरी धातू बेवारशी होत नसे.

पुढे रेडिओ, दूरचित्रवाणी संच, संगणक आणि मोबाईल आले, तेव्हा घडविणारा इतका दूर गेला की त्याला खळ्यावर बोलावण्याची सोय उरली नाही. मोडीतले लोखंड ओतशाळांच्या भट्टीत पुन्हा वितळू शकते, तांब्यालाही गिऱ्हाईक असते; परंतु चित्रनलिकेच्या काचेतील आणि डाखातील शिसे कोणी घ्यावे, याचे उत्तर भंगारवाल्याच्या काट्यापाशी नव्हते.

हे उत्तरदायित्व उत्पादकावरच असावे, हा विचार स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी 1990 मध्ये मांडला. भारतात ई-कचऱ्याविषयीच्या 2011 च्या नियमांनी, म्हणजे 1 मे 2012 पासून, तो कायद्यात आला. 2016 च्या नियमांनी त्याला उद्दिष्टांचे बंधन घातले. आणि 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या नियमांनी पुनर्चक्रणाचे प्रमाण 60 टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने 80 टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरविले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने कागल आणि निपाणी यांच्या दरम्यान जी सरहद्द पडली, तिच्या दोन्ही अंगांना हेच केंद्रीय कलम लागू आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळे तेवढी दोन.

तथापि लोहाराला खळ्यावर स्वतः उभे राहून बोथट फाळाचा जाब द्यावा लागे, तर आजचा उत्पादक नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडून प्रमाणपत्र विकत घेऊन आपल्या दायित्वातून मुक्त होऊ शकतो. दप्तरात प्रमाणपत्र जमा होते ते त्या पुनर्चक्रकाने प्रक्रिया केलेल्या मालावरूनच. म्हणून निपाणीच्या एखाद्या भंगारवाल्याने तोललेला जुना संच पुनर्चक्रकाच्या दारी जाईपर्यंत, काट्यावर चढूनही, बेवारशीच राहतो.