वारुळावरची अळंबी

अळंबीला मराठी मुलखात एकच एक नाव नाही. कोकणात ती अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलपट्ट्यात सात्या किंवा टेकोडे, आणि पुस्तकांतून भूछत्र. या सर्व नावांखेरीज आणखी एक नाव सर्वत्र ऐकू येते, ते म्हणजे 'कुत्र्याची छत्री'. जे खायचे नाही ते सगळे या एका नावात ढकलून दिलेले असते. भाषेनेच केलेली ही वाटणी पाहिली, की या अन्नाचा इतिहास हा मुख्यतः ओळखीचा इतिहास आहे हे ध्यानात येते.

प्राचीन ग्रंथकारांनाही या ओळखीचा प्रश्न पडला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्पच्छत्रक वगळून बाकीच्या छत्रजाती शीत, मधुर, पचावयास जड आणि पडसे आणणाऱ्या म्हटल्या आहेत. सुश्रुतसंहितेने त्यांचे वर्ग पाडले ते त्या कशावर उगवतात यावरून: पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि भूमी. हे वर्गीकरण कालबाह्य म्हणून हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आजचा कवकशास्त्रज्ञही रानात पहिला प्रश्न तोच विचारतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र लसूण आणि कांदा यांच्याच पंक्तीला कवके बसविलेली असून द्विजांना ती वर्ज्य ठरविली आहेत. वैद्यकाने तोलून पाहिलेली वस्तू धर्मशास्त्राने अशी एका श्लोकात बाजूला सारली. पण सर्पच्छत्रक कोणते आणि खाण्याजोगे छत्र कोणते, हे पानाफुलांसारखे वर्णून सांगण्याचे काम यांपैकी एकाही ग्रंथाने केले नाही. ते ज्ञान ज्यांच्यापाशी होते ते लिहिणारे नव्हते. ते गुराख्यांपाशी होते, गोव्यातील गावडे-वेळिपांपाशी होते, गडचिरोलीच्या गोंड-माडियांपाशी होते, आणि त्यांच्या घरांतील चुलीपुढच्या बायकांपाशी होते.

या अळंबीचा एक धागा बंगळूरपर्यंत येऊन पोहोचतो. १६३८ नंतर शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे पुढे तंजावरास गेले आणि १६७० च्या दशकात तेथे भोसल्यांचे राज्य उभे राहिले. त्यांच्या वंशातील तुळजाराजे गादीवर असताना लिनियसचा शिष्य योहान गेऱ्हार्ड कोएनिग हा निसर्गअभ्यासक त्या मुलखात वाळवीची घरे उकरून पाहत होता. त्याने १७७९ मध्ये वाळवीवर निबंध प्रसिद्ध केला. वारुळाच्या पोटात बुरशी वाढते, ही गोष्ट युरोपीय विज्ञानाच्या कागदावर आली ती या निबंधातून. पुढे १९०६ मध्ये सिंहलद्वीपात टॉम पेच याने वाळवीच्या घरांतील कवकांचा सविस्तर अभ्यास मांडला, आणि १९४२ मध्ये रॉजे हाईम या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांना 'टर्मिटोमायसिस' हे प्रजातिनाम दिले.

या कवकाची शेती वाळवी करते. कामकरी वाळव्या पालापाचोळा आणि लाकूड खाऊन जी विष्ठा टाकतात तिचे सच्छिद्र पोळे वारुळात रचले जाते. त्या पोळ्यावर बुरशी पसरते, लाकडातील न पचणारा भाग मऊ करते आणि वाळवीचे अन्न बनते. हे साहचर्य सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाले असे मानले जाते. पावसाने जमीन भिजली की पोळ्यापासून एक लांब मूळवजा देठ माती भेदून वर येतो आणि त्याच्या टोकाशी छत्री उघडते. कोंकणीत वारुळाला रोंयण म्हणतात. म्हणून ही रोंयणीची अळमी. गोव्यात आणि सिंधुदुर्गात वारूळ हे सातेरी देवीचे रूप आहे, त्यामुळे ते फोडण्यास हात धजत नाही. छत्री वरून खुडावी आणि रोंयण तशीच राखावी, या रिवाजाला जीवशास्त्राचा आधार नंतर मिळाला. देवीचा आधार आधीपासून होता. त्याच वारुळावर वर्षानुवर्षे पीक येते, आणि जागा माहीत असणारे घर ती शेजाऱ्यालाही सांगत नाही.

श्रावणात पुष्कळ गोमंतकीय हिंदू घरांत मासळी वर्ज्य असते, आणि अळमी नेमकी तेव्हाच येते. मनूने वर्ज्य केलेली वस्तू व्रताच्या महिन्यात शाकाहार म्हणून मानाने ताटात बसते. समाजाने शास्त्राचा असा निवाडा अनेकदा केला आहे, पण इतक्या चवीने क्वचितच.

स्वयंपाकघरातील काम खुडण्याहून नाजूक. अळंबी पाण्यात भिजत घालणे हा पहिला अपराध होय. ती पाणी शोषून घेते आणि शिजताना चोथा होते. देठाच्या मुळाकडील चिकणमाती बोथट सुरीने खरवडून काढायची, टोपीच्या मध्यावरचे कठीण टोक काढायचे, खालच्या पडद्यांतील रेती आणि किडे बोटांनी झाडायचे, आणि मग हळद-मिठाच्या पाण्यातून चटकन काढून चाळणीवर निथळू द्यायची. जून देठ चाकूने चिरण्याऐवजी हाताने उभे सोलतात, म्हणजे त्याचे धागे कोंबडीच्या मांसासारखे राहतात. अळंबीला स्वतःचेच पाणी सुटते, म्हणून वरून पाणी घालावे लागत नाही. ओल्या खोबऱ्याचे वाटण, धणे, सुकी मिरची आणि आमसूल एवढ्यावर एक प्रकार होतो. भाजलेले खोबरे आणि खसखस घालून शागोती हा दुसरा. मसाला जितका थोडा तितकी अळंबी जास्त, हे मत सर्वत्र मान्य नाही, पण योग्य आहे.

टिकवणे हा खरा कसोटीचा भाग. ताज्या अळंबीत शंभरांतले नव्वद भाग पाणीच असते. सकाळी खुडलेली संध्याकाळी काळवंडते आणि दुसऱ्या दिवशी किडते. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून चुलीची ऊब लागते. उभ्या चिरून, दोऱ्यात ओवून, कडक वाजेपर्यंत वाळवली तर हवाबंद डब्यात ती महिनोन्महिने राहते. दहा शेर अळंबीची शेरभरच उरते, पण वास वाढलेला असतो. वाळलेली अळंबी कोमट पाण्यात भिजवून ते पाणीही रश्श्यात घालतात. शीतकपाट आल्यावर वाळवण मागे पडले. गोठवायची तर आधी तिच्याच पाण्यात परतून घ्यावी लागते. कच्ची गोठवलेली बाहेर काढताच लिबलिबीत होते.

ही सगळी रीत प्रवासात टिकते. किनाऱ्यावरून बंगळुरात आलेल्या कुटुंबांबरोबर वाटणाचे प्रमाण आले, तिरफळे आली, आमसुले आली. मागे राहिली ती ओळख. जे. पी. नगरात सारक्की आणि पुट्टेनहळ्ळी ही तळी आहेत, उद्याने आहेत, इमारतींच्या अंगणांत हिरवळी आहेत, आणि पावसानंतर त्यांवर टपोऱ्या पांढऱ्या छत्र्याही उगवतात. कन्नडमध्ये त्यांना अणबे म्हणतात. शब्द कानाला अळंबीच्या इतका जवळचा वाटतो, की जिन्नसही तोच असावा असा भास व्हावा. पण उष्ण प्रदेशातील हिरवळींवर सर्रास उगवणारी एक मोठी पांढरी जात हिरवट बीजाणूंची असून तिने तीव्र वांत्या आणि जुलाब होतात. कोवळेपणी तिचे पडदेही पांढरेच असतात. लसूण किंवा चांदीचे नाणे टाकून काळे पडते का ते पाहावे, ही घरगुती परीक्षा सर्वस्वी खोटी आहे. सर्वांत घातक अमॅनिटा जातींचे विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. लक्षणे दिसू लागण्यास सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ जातो, मधे बरे वाटते, आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास यकृत निकामी होऊ लागते. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानातील अळंबी खाऊन १३ माणसे दगावली; त्यांत बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबे होती. तीही माणसे अळंबी नित्य खाणारीच होती.

शहराने यावर आपल्या परीने उपाय काढला आहे. बंगळुराजवळ हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेत अळंबीचे बियाणे तयार होते, आणि पेंढ्यावर वाढवलेली धिंगरी शागोतीत घातली तर पाहुणे नावे ठेवत नाहीत. रोंयणीची अळमी मात्र व्यापारी प्रमाणावर कोणाला पिकवता आलेली नाही, कारण तिच्यासाठी आधी वाळवीचे बिऱ्हाड वसवावे लागते. त्यामुळे तिचा सगळा भार उरलेल्या वारुळांवर पडतो. गोवा विद्यापीठातील कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या अतिवापराबद्दल वारंवार लिहून सावध केले आहे. अभयारण्यांतून परवानगीविना वनोपज काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदीच आहे. तरीही श्रावणात गोव्याच्या रस्त्यांकडेला पानांवर मांडलेले वाटे दिसतात, त्यांचा भाव दरसाल चढतो, आणि त्यांत न उमललेल्या कळ्याच अधिक असतात. उमलून बीजाणू जमिनीवर पडण्याआधीच त्या खुडलेल्या असतात.