चाकरमानी कादंबऱ्या

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपवर, मी 'कोंडुरा' पाहिला. श्याम बेनेगल यांचा, १९७८चा. लावला होता तो केवळ नावासाठी. मी मालवणकडचा. कोंडुरा हे वेंगुर्ल्याच्या बाजूचं किनाऱ्यावरचं ठिकाण, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे आता पडद्यावर माडाच्या बागा दिसणार, चिऱ्यांचे गडगे दिसणार, शेवाळ धरलेली कौलं दिसणार म्हणून सरसावून बसलो. दिसलं ते आंध्रातलं गाव. नायकाचं नाव तेच, परशुराम. त्याला वर देणारा कोंडुरा स्वामीही तोच. मुलूख मात्र दुसराच.

तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. मधल्या काळात मूळ कादंबरी वाचली आणि सिंधुदुर्गातल्या कादंबऱ्या सिनेमात कशा गेल्या, हे शोधत बसलो. तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडच्या माणसांचं जे झालं, तेच पुस्तकांचंही झालं. ती कामाला बाहेर गेली. चाकरमानी झाली.

चि. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, यांचा जन्म १९३०चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतला. कुडाळला त्यांनी खानावळ चालवली, १९५९च्या सुमाराला ते मुंबईला गेले. जयवंत दळवी त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे, आरवलीचे. वेतोबाला भल्यामोठ्या वहाणा वाहतात ते आरवली. दळवीही मुंबईलाच गेले. दोघांनी लिहायला घेतलं तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो रत्नागिरीतून वेगळा झाला १९८१ साली.

'कोंडुरा' ही कादंबरी १९६६ची. परशुरामाला स्वामीकडून वर मिळतो, गर्भ पाडणारी मुळी मिळते आणि त्या बदल्यात ब्रह्मचर्य पाळायची अट. लग्न झालेल्या माणसाला ही अट! त्यातून जो विनाश होतो तो देवाचा कोप की माणसाच्या डोक्यातला भ्रम, हे खानोलकर शेवटपर्यंत सांगत नाहीत.

बेनेगलांनी हा सिनेमा दोन भाषांत केला: हिंदीत 'कोंडुरा', तेलुगूत 'अनुग्रहम्'. पटकथेत गिरीश कार्नाड आणि तेलुगू कवी आरुद्र यांचा हात होता. परशुराम झाले अनंत नाग, बायको वाणिश्री, स्वामी अमरीश पुरी. कॅमेरा गोविंद निहलानींचा. तेलुगू बोलणारं गाव हवं तर ते आंध्रात असणं ओघानंच आलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पोर्टिंग म्हणतो: प्रोग्रॅम तोच, पण दुसऱ्या मशिनवर चालेल असा पुन्हा लिहायचा. पोर्ट करताना मूळ मशिनवर जे आपोआप मिळत होतं ते हातानं भरावं लागतं. कोकणातल्या कादंबरीत समुद्र, काळोख, देवचार हे वाचकाच्या अंगात आधीच असतात. सिनेमाला ते कॅमेऱ्यानं आणि वनराज भाटियांच्या संगीतानं उभं करावं लागलं. पुष्कळसं उभं राहिलंही. हरवला तो विशिष्ट गाव.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं नाही. हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' १९६०ची, त्यावरचा सिनेमा १९६२चा. गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामाची, पण गाव उभं केलं हॉलिवूडच्या स्टुडिओत. फरक इतकाच की स्टुडिओची माणसं लींच्या मनरोव्हिल गावात गेली, तिथलं जुनं कोर्ट पाहून आली आणि तसंच कोर्ट सेटवर बांधलं. नायक अ‍ॅटिकस हा लींनी स्वतःच्या वकील वडिलांवरून घेतलेला. त्या वडिलांचं खिशातलं घड्याळ लींनी ग्रेगरी पेकला दिलं. ऑस्कर घ्यायला पेक गेला तेव्हा ते त्याच्याजवळ होतं. लेखिकेनं आपला माणूस पडद्यावर पाहिला, ओळखला.

खानोलकरांना हे मिळालं नाही. २६ एप्रिल १९७६ रोजी ते गेले. वय ४६. व्ही. शांताराम यांनी त्यांच्या 'चानी'वर केलेला सिनेमा आला १९७७ साली, 'कोंडुरा' १९७८ साली. चानी ही गोऱ्या बापाची, पिंगट केसांची, गावानं वाळीत टाकलेली मुलगी. पडद्यावर ती रंजनानं केली. दोन वर्षांत दोन मोठ्या दिग्दर्शकांचे दोन सिनेमे, आणि लेखक एकाही खेळाला नाही. साहित्य अकादमी पुरस्कारही १९७८चा, मरणोत्तर.

दळवींची गोष्ट वेगळी, आणि अमेरिकेशी थेट जोडलेली. मुंबईत ते अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात, म्हणजे यूसिसमध्ये, बरीच वर्षं नोकरीला होते. अमेरिकन पुस्तकं मराठीत आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. दिवसा परक्यांची पुस्तकं आपल्या भाषेत आणणाऱ्या या माणसाची स्वतःची पुस्तकं मात्र हिंदीत गेली. 'अंधाराच्या पारंब्या'चं आधी 'बॅरिस्टर' हे नाटक झालं आणि पुढे विजया मेहतांनी त्यावर 'रावसाहेब' हा हिंदी सिनेमा केला.

त्यांची 'चक्र' १९६३ची. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या माणसांची. रवींद्र धर्मराज यांनी १९८१ साली तिच्यावर हिंदी सिनेमा केला. अम्मा स्मिता पाटील, लुक्का नसीरुद्दीन शाह. स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि लोकार्नो महोत्सवात सिनेमाला सुवर्ण बिबट्या.

'चक्र' पाहताना मला स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आठवते. १९३९ची कादंबरी, जमिनीवरून हुसकावलेलं शेतकरी कुटुंब कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला जातं त्याची. जॉन फोर्डनं वर्षभरात सिनेमा केला. कादंबरीच्या शेवटी मूल गमावलेली तरुण आई भुकेनं मरायला टेकलेल्या परक्या माणसाला आपलं दूध पाजते. १९४०च्या हॉलिवूडला हे दाखवणं शक्य नव्हतं. फोर्डच्या सिनेमात प्रसंगांचा क्रमच बदलला आणि शेवटी आई धीराचं बोलते. पाहणारा उमेद घेऊन घरी जातो.

धर्मराजांनी अशी उमेद विकली नाही. 'चक्र'च्या शेवटी झोपड्या बुलडोझरखाली जातात आणि चक्र पुन्हा फिरायला लागतं. तडजोड झाली ती पोस्टरवर. उघड्यावर आंघोळ करणारी अम्मा ही सिनेमात झोपडपट्टीतल्या बाईच्या आयुष्याचा भाग होती. पोस्टरवर ती गिऱ्हाईक खेचायला वापरली गेली. स्मिताला ते खटकलं होतं. पुस्तकात जे दैन्य होतं, ते थेटराच्या भिंतीवर शरीर झालं.

म्हणून आता मी 'सिनेमात गाव का नाही' असं विचारत नाही. चाकरमानी मुंबईला गेला की बोली बदलतो, कपडे बदलतो, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मावेल तेवढंच सामान ठेवतो. त्यानं ते केलं नसतं तर घरी मनीऑर्डर आली नसती. खानोलकर-दळवींच्या कादंबऱ्यांनी भाषा बदलली, मुलूख बदलला, म्हणूनच त्या हॉस्टेलवरच्या माझ्यासारख्या पोरापर्यंत पोचल्या. 'कोंडुरा' हिंदीत नसता तर मी खानोलकरांची कादंबरी कधी हातात घेतली असती, देव जाणे.

पण चाकरमानी चतुर्थीला घरी येतो. मनरोव्हिलचे लोक दर वसंतात त्याच जुन्या कोर्टात 'मॉकिंगबर्ड'चं नाटक करतात, कलाकार गावातलेच. पुस्तक बाहेरून फिरून, प्रसिद्ध होऊन घरी आलं आणि गावानं त्याला घरात घेतलं.

गेल्या चतुर्थीला विसर्जनानंतर हातात दोन दिवस होते. बाइक काढली आणि वेंगुर्ल्याकडे गेलो, कादंबरी सॅकमध्ये घेऊन. भरतीची वेळ होती. वाऱ्यानं पानं उडत होती, म्हणून अंगठ्यानं दाबून पहिली पंधरा-वीस पानं वाचली. आजूबाजूला कुणी नव्हतं. लाटांचा आवाज एवढा होता की मोठ्यानं वाचलं असतं तरी मलाच ऐकू आलं नसतं.