गवताला चहाचं नाव

हल्ली ऋतूंच्या नावाने चहा विकायला लागलेत. पावसाळ्याच्या डब्यात आलं आणि गवती चहा, उन्हाळ्याच्या डब्यात कोकम. बघून गंमत वाटली. आमच्या मालवणकडे हे सगळं होतंच की, फक्त त्यात चहा नव्हता!

'गवती चहा' हे नावच चुगली करतं बघा. संस्कृतातलं भूस्तृण ते हेच, असं वैद्य मंडळी सांगतात. चहा हा शब्द मात्र चीनकडचा. म्हणजे पाहुणा मागून आला आणि घरच्या गवताने त्याचं आडनाव लावून घेतलं.

ऋतूप्रमाणे पेय बदलायची रीत तर फारच जुनी. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचाच आहे. वसंतात आल्याचं किंवा नागरमोथ्याचं पाणी, ग्रीष्मात थंडगार पन्हं, पावसाळ्यात उकळलेलं पाणी.

आणि आपलं कोकम? गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या पुस्तकात ते 'ब्रिंदाँव' या नावाने नोंदवलंय. (कोकमाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. पण ते या गार्सियावरून नाही, लोराँ गार्सँ नावाच्या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून! मला बरीच वर्षं उलटंच वाटत होतं.)

चहा आणि मसाला एकत्र कधी आले? सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला आला होता. तिथे चहात खडीसाखर किंवा मुरवलेली छोटी लिंबं घालतात, आणि गरम मसाला घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर, पोटातल्या मुरड्यावर चांगला समजतात, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे काढाच! नवीन पाला मिळाला तो जुन्या काढ्यात पडला.

पण ही झाली श्रीमंत बंदरातली गोष्ट. गावोगावी चहा पोचला तो फार उशिरा. आसामात मळे उभे राहिले १८३० नंतर, आणि तो माल बहुतेक विलायतेला जाई. १९०३ साली चहावर उपकर बसवून प्रचारासाठी पैसा उभा केला गेला, आणि १९३०च्या दशकात देशात जोरात मोहीम निघाली. किटलीत पत्ती मुरवा, दूध-साखर वेगळी घाला, असं लोकांना शिकवत. लोकांनी ऐकलं आणि सगळं एकाच भांड्यात घालून उकळलं. वर मसाला, म्हणजे पत्ती कमी लागते. विकणाऱ्यांना ते कसं रुचणार?

आमच्याकडे चहाची पूड चाकरमान्यांच्या सामानातून यायची. दूध दुर्मिळ, साखर महाग. म्हणून गुळाचा कोरा चहा. गुळाने दूध फाटतं हेही एक कारण. पावसात परसातली गवती चहाची पात आणि आल्याचा तुकडा ठेचून टाकला की चिमूटभर पुडीत घरभर माणसांचं भागायचं. त्याला कुणी 'मान्सून ब्लेंड' म्हणत नव्हतं. असो.

उन्हाळ्याचं गणित जास्त अवघड. रातांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यांत. सालं वाळवायची, मिठाच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं बरेचदा केलं की सोलं तयार होतात. मिठात काढलेला रस म्हणजे आगळ. याला कडक ऊन लागतं, आणि ते पाऊस येईपर्यंतच. मे महिन्यातच पाऊस आला तर झाडावरची फळं गळतात आणि अंगणातल्या सोलांना बुरशी येते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. पण मानांकनाने ऊन लांबत नाही. डब्यावर 'उन्हाळा' छापणाऱ्याचा उन्हाळा बारमाही असतो, सोलं वाळवणाऱ्या बाईचा मात्र काही आठवड्यांचा.

आणि हो, घरच्या मंडळींनो, तो कोकमचा चहा आणलात तर त्यात दूध घालू नका. फाटतं. थोडा गूळ आणि किंचित मीठ घालून बघा.