क्रोशाचा तारामासा

क्रोशाचा तारामासा : झबले, दुपटे, पिशवी किंवा उशीचा अभ्रा यांवर शिवण्यासाठी क्रोशाच्या सुईने सुटा विणलेला, पाच भुजांचा चपटा तुकडा. अशा सुट्या तुकड्याला ‘ॲप्लिक’ किंवा नुसते ‘पॅच’ म्हणतात. समुद्री प्राण्यांच्या पॅचमध्ये मासा, खेकडा, कासव, देवमासा, ऑक्टोपस असे पुष्कळ प्रकार विणतात. त्यांत तारामासा क्रोशाच्या जातीला सर्वांत जवळचा आहे. क्रोशाचे गोल विणकाम मध्यातून सुरू होऊन फेरीफेरीने बाहेर पसरते आणि तारामाशाचे शरीरही मधल्या तबकडीतून तसेच पसरलेले असते. खेकड्याचे आठ पाय आणि दोन नांग्या बहुधा वेगळ्या विणून जोडाव्या लागतात, तारामासा मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दोऱ्यात होतो.

नावात मासा असला तरी हा प्राणी मासा नव्हे. तो कंटकचर्मी संघातला. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत. तोंड खालच्या बाजूला असते आणि प्रत्येक भुजेच्या खाली नलिकापादांच्या रांगा असतात. बहुतेक जातींना पाच भुजा असतात, काहींना दहाहूनही अधिक. मुंबईच्या वाळूच्या किनाऱ्यांवर ओहोटीला ॲस्ट्रोपेक्टेन वंशाचे तारामासे दिसतात. त्यांच्या भुजा निमुळत्या, टोकदार असतात आणि कडेने कंगव्याच्या दातांसारखे काटे असतात. पॅच विणायला बसण्याआधी हा प्राणी, निदान त्याचे छायाचित्र, नीट पाहावे. चित्रांतून रूढ झालेला गुबगुबीत, गोल टोकांचा तारामासा आणि आपल्या वाळूतला तारामासा यांच्या रूपात बराच फरक आहे. पॅचवर हसरे तोंड आणि दोन डोळे भरण्याची पद्धतही सरसकट आहे. खऱ्या प्राण्याच्या प्रत्येक भुजेच्या टोकाशी उजेड ओळखणारा एक ठिपक्याएवढा डोळा असतो. पाच टोकांवर गडद दोऱ्याची एकेक गाठ भरली, तर पॅच प्राण्याशी प्रामाणिक राहतो आणि दिसतोही अधिक देखणा.

टाक्यांची नावे : मराठीत क्रोशाचे टाके साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि दोन वेढ्यांचा खांब या नावांनी ओळखले जातात. खांब हे नाव नेमके आहे, कारण हे टाके खरोखर उभे राहतात आणि त्यांची उंची हाच त्यांच्यातला मुख्य फरक असतो. इंग्रजी पुस्तकांवरून विणताना येथे एक हमखास गोंधळ होतो. ब्रिटिश पुस्तकातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकी पुस्तकातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला पूर्ण खांब. पुस्तक कुठले आहे हे न पाहता विणले तर तारामासा दुप्पट उंचीच्या टाक्यांचा, सैल आणि वाकडा होतो.

सपाटपणाचे गणित : पॅच कापडावर बसायचा, म्हणून तो सपाट हवा. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी साधारण सारखी असते. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ ‘पाय’ (π) या गुणोत्तराच्या दुपटीने, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढतो. म्हणून मुक्या खांबाचा गोल सहा टाक्यांनी सुरू करतात आणि प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवतात. पूर्ण खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याचा गोल बारा खांबांचा आणि वाढही बाराची. पाय हा शब्दही न ऐकलेल्या हातांनी हे आकडे अनुभवाने अचूक शोधून काढले आहेत. वाढ कमी पडली तर कड आत ओढली जाऊन वाटी होते आणि जास्त झाली तर कडेला झालर पडते.

तारामाशाला पाच भुजा, म्हणून त्याची तबकडी पाचाच्या पटीत वाढवणे सोयीचे असते. पण सपाटपणाला सहा हवेत. ही अडचण नसून सवलत आहे. फेऱ्या तीनच असल्याने पाचाच्या वाढीने तबकडी किंचित फुगते आणि जिवंत तारामाशाच्या पाठीसारखी मध्ये उंच राहते. पॅच इस्त्रीने दाबून हा फुगवटा घालवणे ही चूक होय.

विणण्याची रीत : दोऱ्याचे सैल कडे करून त्यात ५ मुके खांब घालावे आणि कडे आवळावे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, असे १० मुके खांब होतात. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, या क्रमाने १५ होतात. ही तबकडी झाली. आता भुजा. तबकडीवरून ६ साखळ्या घालाव्या, सुईकडून दुसऱ्या साखळीपासून परत फिरावे आणि क्रमाने १ मुका खांब, १ अर्धा खांब, २ खांब आणि १ दोन वेढ्यांचा खांब घालावा. मग तबकडीचे दोन टाके सोडून तिसऱ्यात उंची नसलेल्या स्लिप टाक्याने जोडावे. असे पाच वेळा केले की फेरी पुरी होते. टोकाला सर्वांत बुटका टाका आणि मुळाशी सर्वांत उंच, यामुळे भुजा आपोआप निमुळती होते. कुठेही टाका कमी करावा लागत नाही. टाक्यांच्या चढत्या उंचीवर उभी असलेली ही रचना क्रोशातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक आहे, आणि पाने, पाकळ्या, माशाची शेपटी हे सारे तिच्यातूनच निघते.

एवढ्यावर थांबले तर भुजा एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने उतरती राहते, त्यामुळे तारामासा भिरभिऱ्यासारखा दिसतो. यावर उपाय कडेच्या फेरीचा. त्याच दिशेने पुढे जात भुजेच्या साखळीच्या मोकळ्या बाजूवर ५ मुके खांब, टोकाला १ मुका खांब, १ साखळी, १ मुका खांब, आणि दुसऱ्या बाजूने खाली ५ मुके खांब घालावे. दोन भुजांमधल्या खाचेत एक स्लिप टाका घ्यावा. वाळूतल्या तारामाशाचे काटे हवे असतील तर या फेरीत एकाआड एक मुक्या खांबावर ३ साखळ्यांचा पिको, म्हणजे लहान टोकदार फास, काढावा. शेवटी दोरा वीतभर लांब ठेवून कापावा, कारण त्यानेच पॅच शिवता येतो. चार पदरी सुती दोरा आणि २.५ मिमी.ची सुई घेतली तर तारामासा टोकापासून टोकापर्यंत साधारण ७ सेंमी. भरतो. बारीक दोरा आणि १.२५ मिमी.ची लोखंडी सुई घेतली तर तो याच्या निम्म्याच्या आसपास येतो, आणि तान्ह्याच्या टोपड्यावर तोच शोभतो.

झालर आणि प्रवाळ : पॅचमध्ये जी झालर दोष ठरते, तिच्यावर क्रोशातले एक मोठे काम उभे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील लॅटव्हियन गणितज्ञ डायना तैमिन्या यांनी १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन ‘हायपरबोलिक’, म्हणजे झालरीसारखा लहरत पसरणारा, पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. कागदाची तशी प्रतिमाने हाताळताना फाटत, विणलेले टिकले. प्रवाळ, समुद्री गोगलगायी आणि चपट्या कृमींच्या कडा अशाच झालरदार असतात. हे ओळखून मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्टहाइम या बहिणींनी २००५ मध्ये लॉस अँजेलिस येथून क्रोशाच्या प्रवाळभित्तीचा उपक्रम सुरू केला. त्यात पुढे अनेक देशांतल्या विणकरांनी भर घातली आणि तो २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत मांडला गेला. तापत्या समुद्रात प्रवाळ पांढरे पडून मरत असताना लोकर आणि दोऱ्यात त्याची आठवण विणणे, हा या कामाचा गाभा आहे.

पूर्वपीठिका : क्रोशे म्हणजे फ्रेंच भाषेत लहान आकडा. या नावाने छापलेल्या विणकामाच्या सूचना १८२३ मध्ये ‘पेनेलोपे’ या डच मासिकात आल्या. सुटे नक्षीतुकडे आधी विणून मग बसवण्याची पद्धत आयरिश क्रोशाने रुजवली. बटाट्यावरील रोगाने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशा हे अनेक कुटुंबांचे पोट भरण्याचे साधन झाले. गुलाब, पाने, त्रिदल हे तुकडे वेगवेगळ्या स्त्रिया विणत, मग ते कापडावर उलटे टाचून मधली जागा जाळीने भरत आणि शेवटी कापड काढून घेत. आजच्या पॅचमध्ये कापड काढले जात नाही, एवढाच फरक.

महाराष्ट्रात क्रोशा घराघरांत रुळला तो रुमाल, टेबलक्लॉथ आणि दारावरच्या तोरणाच्या रूपाने. रुखवतात त्याला मानाची जागा असे. तोरणावरचे मोर, कलश आणि ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे भरलेल्या व रिकाम्या चौकटींच्या जाळीकामाची असत. त्या चौकटींत तारामाशाची निमुळती भुजा पायऱ्यापायऱ्यांची होते, म्हणून तो गोल विणीतच घ्यावा लागतो.

दोरा आणि शिवण : पॅचसाठी मर्सराइज्ड सुती दोरा उत्तम. त्याला चमक असते, टाका स्पष्ट दिसतो आणि तो इस्त्री सहन करतो. ॲक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री फिरली तर ती कायमची लुळी पडते. लाल, निळा असे गडद दोरे रंग सोडतात का हे आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. पांढऱ्या झबल्यावरचा डाग नंतर निघत नाही. कापडही शिवण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि पॅचभोवती चुण्या पडतात.

पॅच आधी टाचण्यांनी, मग कच्च्या धावदोऱ्याने बसवावा. भुजांची पाच टोके पहिल्यांदा पक्की करावी, कारण नुसती कड शिवत गेल्यास शेवटची भुजा हमखास सरकते. पक्की शिवण हेमच्या बारीक टाक्यांनी, कडेच्या टाक्याचा मागचा धागा घेत घालावी म्हणजे वरून दिसत नाही. बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडावर टाके थोडे सैल ठेवावे. तान्ह्या मुलांच्या कपड्यांवर मणी किंवा बटणाचे डोळे लावू नयेत. ते सुटून घशात अडकू शकतात. तेथे दोऱ्याची गाठच हवी, आणि आतल्या बाजूला दोऱ्यांची टोके खुली राहू नयेत, कारण त्यांत बाळाचे बोट गुंतते. कपडा आखूड झाला की हेम उसवून पॅच काढता येतो आणि थोरल्याच्या झबल्यावरचा तारामासा धाकटीच्या दुपट्यावर पुन्हा शिवता येतो.