लडाखच्या वाटेवर : टायर, ट्यूब आणि सुटे भाग

उन्हाळा सरत आला, की मुंबई-पुण्याच्या दुचाकीस्वारांना लडाखचे वेध लागतात. महिनोन्महिने आखलेल्या बेतात सुट्ट्या, मुक्काम, उबदार कपडे, छायाचित्रणाची साधने या साऱ्यांचा विचार झालेला असतो. मात्र ज्या दोन वर्तुळांवर हा सारा डोलारा उभा असतो, त्या टायरांची आठवण बहुधा निघण्याच्या आदल्या आठवड्यात होते. मनाली-लेह मार्गावर दारचा सोडल्यानंतर रुमत्से येईपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरच्या टप्प्यात बारमाही वस्तीचे गाव नाही. सरचू, पांग येथे हंगामात तंबू लागतात; चहा आणि निवारा मिळतो. पण आपल्या गाडीच्या मापाची ट्यूब तेथे मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच निवड घरीच आणि विचारपूर्वक व्हायला हवी.

टायरवरची अक्षरे

टायरच्या कडेवर त्याची कुंडलीच छापलेली असते. '१२०/९०-१७ ६४एस' याचा अर्थ असा : रुंदी १२० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिमचा व्यास १७ इंच. '६४' हा भारनिर्देशांक असून तो २८० किलो भार दर्शवतो. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगमर्यादा. मागे सहप्रवासी आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या असतील, तर बराचसा भार मागच्या चाकावर येतो. त्यामुळे केवळ माप जुळते म्हणून कमी भारनिर्देशांकाचा टायर बसवणे धोक्याचे आहे.

चार आकडी तारीखही पाहावी. '२३२४' म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते. नक्षी शाबूत दिसली, तरी त्याची पकड कमी झालेली असते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास तो त्याच दिशेने बसवला आहे ना, याची खात्री करावी.

डांबर की दगडगोटे?

मोठमोठ्या ठोकळ्यांची नक्षी असलेला टायर रुबाबदार दिसतो आणि चिखलात पकडही उत्तम देतो. परंतु मुंबई किंवा पुण्याहून मनाली गाठायलाच सुमारे दोन हजार किलोमीटर डांबरी महामार्ग तुडवावा लागतो. या अंतरात असा टायर झपाट्याने झिजतो, आवाज करतो आणि ओल्या डांबरावर घसरण्याची शक्यता वाढवतो. घरापासून गाडी चालवत जाणाऱ्यांना डांबर व कच्चा रस्ता या दोन्हींसाठी बनवलेला मध्यम नक्षीचा टायरच सोयीचा. गाडी रेल्वेने पाठवून पुढे स्पिती-झंस्कारच्या कच्च्या वाटांवरच फिरायचे असेल, तर ठोकळ्यांच्या टायरचा विचार करता येईल.

नवा टायर प्रवासाच्या दिवशी बसवू नये. सुरुवातीला त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. दोन-तीनशे किलोमीटर सौम्यपणे चालवून मगच प्रस्थान ठेवावे.

ट्यूब असावी की नसावी?

ट्यूबविरहित टायरमध्ये खिळा घुसला, तर हवा सहसा हळूहळू उतरते. चाक न काढता बाहेरूनच चिकट रबरी वात ठोसून पाच-दहा मिनिटांत पुढे निघता येते. मात्र धारदार दगडाने टायरची कड फाटली किंवा रिम वाकली, तर ही वात निरुपयोगी ठरते. यासाठी ट्यूबविरहित टायर वापरणाऱ्यांनीही त्या मापाची एक ट्यूब जवळ ठेवावी. वाकलेल्या रिममध्येही ती बऱ्याचदा हवा धरून ठेवते आणि पुढचे गाव गाठून देते.

साध्या आऱ्यांच्या चाकांत बहुधा ट्यूबच असते. रॉयल एनफील्डची २०१६ मधील पहिली हिमालयन आणि २०१९ मध्ये आलेली हीरो एक्सपल्स २०० या दोन्ही गाड्या अशाच. दोन्हींचे पुढचे चाक २१ इंची. मागचे मात्र पहिलीचे १७ इंची, तर दुसरीचे १८ इंची. म्हणजे ताफ्यात वेगवेगळ्या गाड्या असतील, तर 'एकाकडे ट्यूब आहे ना' एवढ्यावर भागत नाही. प्रत्येकाने आपापल्या दोन्ही मापांच्या ट्यूब घ्याव्यात. त्यातही एक युक्ती अशी, की निघण्यापूर्वी चाकांत नव्या ट्यूब बसवाव्यात आणि काढलेल्या सुस्थितीतील ट्यूब सोबत ठेवाव्यात. त्या पावडर लावून, जाड कापडात गुंडाळून, हत्यारांपासून दूर ठेवाव्यात. पान्यावर घासून घासून ट्यूबला पिशवीतच भोक पडल्याचे ऐन वेळी कळते, तेव्हा उपाय उरलेला नसतो.

हवेचे गणित

हवा कमी ठेवली तर गाडी खडकाळ रस्त्यावर कमी उसळते, हे खरे. पण मग दगडावर आदळताच ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटली जाते व तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. ब्रेक दाबताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळाशी फाटतो. वॉल्व्ह तिरका झालेला दिसला, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

उंचीचाही परिणाम होतो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, तर टांगलांग ला सुमारे ५,३०० मीटरवर आहे. बाहेरच्या हवेचा दाब घटल्याने मापकावर टायरची हवा सुमारे चार पौंडांनी जास्त दिसते. थंडीमुळे त्यातील दोन-तीन पौंड पुन्हा कमी होतात. तेव्हा खिंडीत घाबरून हवा सोडू नये. खाली उतरल्यावर तीच हवा अपुरी पडते. रोज सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या मापकाने हवा तपासणे हाच खरा नियम.

पिशवीत काय हवे?

टायर उतरवण्याचे दोन-तीन लिव्हर, दोन्ही चाकांच्या ॲक्सलचे पाने, ठिगळे, घासकागद, वॉल्व्हची किल्ली आणि हातपंप. सोल्यूशनची नळी नवीच घ्यावी. एकदा उघडलेली नळी वाळून जाते. बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर सोयीचा असला, तरी हातपंप वगळू नये. याशिवाय क्लच व ॲक्सिलरेटरची केबल, क्लच व ब्रेकचे लिव्हर, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनलॉक, ब्रेक पॅड, थोडे इंजिन ऑइल, चिकटपट्टी आणि तार. जादा क्लच केबल जुन्या केबलला समांतर आधीच बांधून ठेवली, तर ती तुटल्यावर बदलणे काही मिनिटांचे काम उरते.

यापलीकडे सामान वाढवू नये. प्रत्येक अनावश्यक किलोचा भार शेवटी मागच्या टायरवरच पडतो.

रंगीत तालीम

सर्व साहित्य घेऊनही एक प्रश्न शिल्लक राहतो : चाक काढता येते का? पांगच्या पुढे मोरेच्या पठारावर, सुमारे साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर, विरळ हवेत वाकून टायर उतरवताना धाप लागते, बोटे बधिर होतात आणि दुपारनंतर वारा सुटतो. ॲक्सलचा नट पहिल्यांदा सोडवून पाहण्याची ती जागा नव्हे. निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी इमारतीच्या वाहनतळावर मागचे चाक काढावे, ट्यूब बाहेर घ्यावी, ठिगळ लावावे, पुन्हा बसवावी आणि हातपंपानेच हवा भरावी. नेहमीचा पंक्चरवाला शेजारी उभा राहून चुका दाखवणार असेल, तर उत्तमच. कोणता पाना कमी पडतो, कोणता लिव्हर वाकतो, ट्यूब नेमकी कोठे चिमटते, हे त्या दोन तासांत कळते. महागडा टायर पैसे मोजून मिळतो; हाताची ही सवय मात्र घरीच कमवावी लागते.